वाट बघण्याची वीज

दोघांचे हात एकाच वेळी त्या खोक्यावर पडले. तिचा हात लोकरी मोज्यातला, त्याचा उघडा, थंडीनं लालबुंद.

“तुम्ही घ्या,” तो म्हणाला. पण हात काही काढला नाही.

“नाही, तुम्ही घ्या,” ती म्हणाली. तिनंही काढला नाही.

लायब्ररीच्या काउंटरमागच्या बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. “मीटर एकच आहे. दुसरा बिघडलाय. कोण नेणार ते ठरवा बाबांनो, माझी कॉफी गार होतेय.”

बाहेर उत्तरेकडच्या, तळ्याकाठच्या कुओपियो गावावर सकाळपासून धड पाऊस नाही, धड बर्फ नाही असं काहीतरी कोसळत होतं. लायब्ररीत पुस्तकांच्या जोडीला स्की मिळायच्या, ड्रिल मिळायचं आणि हा मीटरही मिळायचा. भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर खुपसायचा, मीटरमध्ये यंत्राचा प्लग खुपसायचा, की ते यंत्र किती वीज पितं ते आकड्यात दिसायचं. त्या नोव्हेंबरात घराघरांत दुसरा विषयच नव्हता. विजेचा दर तासातासाला बदलायचा. लोक फोनमध्ये दर बघून धुणं लावायचे, दर बघून वाफेच्या अंघोळीचा सौना तापवायचे.

“तुम्हाला कशासाठी?” त्यानं विचारलं.

“प्रिंटरसाठी.”

“प्रिंटर?” तो हसला. हसला की त्याचा डावा डोळा जरा जास्त मिटायचा, हे तिनं उगाचच टिपलं. “घरातला प्रिंटर असा किती वीज खाणार?”

“मीही तेच म्हणते! पण आमच्या आत्याला पुरावा हवाय. आणि तुम्हाला?”

“आजोबांचा फ्रीझर. माझ्याहून वयानं मोठा आहे. वरच्या थरात हरणाचं मांस, आणि तळाशी काय आहे ते आजोबांनाही आठवत नाही.” त्यानं खोक्यावरचा हात हळूच उचलला. “न्या तुम्ही. गोठलेल्या वस्तूंना धीर असतो. मी आपला नंबर लावून ठेवतो.”

“तुम्ही नंबर लावलात तर मला मुदत वाढवून मिळणार नाही.”

“म्हणून तर लावतोय,” तो म्हणाला. “म्हणजे तुम्हाला परत यावं लागेल.”

सायमीनं खोका छातीशी धरला आणि दाराकडे वळली. कान तापले होते… बरं झालं, टोपी होती. दारापाशी तिनं खोका उघडून पाहिला. आत मीटर होता, पण तो वापरायचा कसा हे सांगणारं काहीच नव्हतं. ती तशीच मागं वळली.

“हा चालवायचा कसा, येतं तुम्हाला?”

“फ्रीझरच्या नावानं आठवडाभर मी त्याचेच व्हिडिओ बघतोय.”

“मग रविवारी याल?”

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. तिच्या घरात माणसाला जेवायला बोलवायचं तरी आधी महिनाभर विचार व्हायचा.

सायमी एल्वी आत्याच्या लाकडी घरात वरच्या मजल्यावर राहायची आणि नकाशे काढायची. नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात धावायच्या शर्यतींचे नकाशे. कुठं दगड, कुठं दलदल, कुठं उतार, सगळं ती पायी फिरून टिपायची, रंगांत उतरवायची आणि घरच्या जुन्या लेझर प्रिंटरवर न भिजणाऱ्या कागदावर छापायची. प्रिंटर जागा झाला की खालच्या मजल्यावर आत्याचा दिवा मिचकायचा. दिवा मिचकला की आत्या झाडूच्या दांड्यानं छतावर ठोकायची. शेवटी तिनं निकालच दिला होता: “नाताळापर्यंत त्याचा निर्दोषपणा सिद्ध कर, नाहीतर ते धूड घराबाहेर.”

प्रिंटर गेला असता तर नकाशे गेले असते. आणि नकाशांखेरीज सायमीला जगाशी बोलायला दुसरी भाषा नव्हती.

रविवारी तो आला. आत्यानं दार उघडलं आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“वीज कंपनीचा का?”

“नाही हो. मी इल्मो. इस्पितळात नर्स आहे.”

“मग बघ त्या यंत्राची नाडी. आणि बूट काढ आधी.”

सॉकेट टेबलाखाली, भिंतीच्या अगदी तळाशी होतं. मीटरवरचा आकडा वाचायचा तर जमिनीवर पालथं पडण्यावाचून इलाज नव्हता. दोघं पडले. टेबलाखाली जागा एकाची होती.

“छापा काहीतरी,” तो म्हणाला.

तिनं वर हात करून बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं, दिवा मिचकला, खालून दांडा वाजला, आणि आकडा एकदम उसळला.

“अगं आई गं!” सायमी म्हणाली. “हा तर किटलीएवढी पितोय!”

“घाबरू नका. घोटभरच आहे. आतला रूळ तापवतोय.”

आणि खरंच, पुढच्याच क्षणाला आकडा खाली आला. एकेक कागद बाहेर सरकायला लागला. इल्मोनं पहिला कागद उचलला आणि सरळ गालाला लावला. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा ऊनऊन होता तो.

“हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,” तो डोळे मिटून म्हणाला.

“काय?”

“की जंगल इतकं गरम असतं.”

ती आकड्याकडे बघत राहिली. छापून झालं तरी दोघंही उठले नाहीत… मोजायचं होतं ना अजून. टेबलाखाली त्याच्या स्वेटरला धुराचा, सौनाच्या लाकडाचा वास येत होता.

थोड्या वेळानं, कुणी काही सांगितलेलं नसताना, आकडा पुन्हा उसळला. दिवा मिचकला. दांडा वाजला.

“आता कुणी छापलं?” खालून आत्या ओरडली.

“कुणीच नाही!” दोघं एकदम म्हणाले.

आणखी थोड्या वेळानं पुन्हा तेच. तेव्हा कुठं इल्मोच्या ध्यानात आलं. यंत्र जुनं होतं, त्याला झोपायची सवय नव्हती. मालकिणीनं हाक मारली तर तिला ताटकळावं लागू नये, म्हणून ते आपला रूळ थोड्या थोड्या वेळानं आपणच तापवून ठेवत होतं. दिवसभर. हाक येवो न येवो.

संध्याकाळी त्यानं मीटरची बेरीज वाचली. “गठ्ठाभर नकाशे छापायला लागली त्याहून जास्त वीज नुसती वाट बघण्यात गेली.”

“बिचारा,” सायमी म्हणाली.

“बिचारा कसला? मागचं बटण बंद केलं की सुटला. आपण करत नाही, म्हणून जळतोय.”

आत्याचं समाधान झालं. बटणाचा एक्स्टेंशन बोर्ड आला, प्रिंटरला अभय मिळालं. मग इल्मोनं बिलातल्या उरलेल्या विजेचा माग काढत अंगणातला हीटर मोजला, आत्याच्या गाडीचं इंजिन थंडीत गरम ठेवणारा. तो रात्रभर चालू असायचा, आणि सगळ्या घराहून जास्त तोच प्यायचा.

“त्याच्याबद्दल अक्षर बोलायचं नाही,” आत्या म्हणाली. “आणि हे काय तुम्ही-तुम्ही चाललंय दोघांचं? सरकारी कचेरीत बसलायत का?”

असं ते ‘तू’वर आले. आत्यानं आणलं म्हणून.

मग हिवाळाभर तो मीटर दोघांमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. मुदत संपत आली की फोनवर निरोप यायचा: ‘या वस्तूची मुदत वाढवता येणार नाही. दुसऱ्या वाचकाने नंबर लावला आहे.’ कुणी लावला ते लायब्ररी कधीच सांगत नाही. सायमीला सांगायची गरजही नव्हती. ती बसमध्ये तो कोरडा निरोप वाचायची आणि खिडकीकडे तोंड करून हसायची. मग ती मीटर परत करायची, तो घ्यायचा. तो घरी पोचायच्या आत ती नंबर लावून मोकळी व्हायची.

“आता काय राहिलंय मोजायचं?” काउंटरवरच्या बाई विचारायच्या.

“वॉफलचं यंत्र,” सायमी सांगायची.

“आजोबांचा रेडिओ,” इल्मो सांगायचा.

“रेडिओ मागच्या वेळी झाला.”

“तेव्हा तो संगीत वाजवत होता. आता बातम्या मोजायच्यात.”

बाई कपाळाला हात लावायच्या. ती दोघं मात्र दालचिनीचे पाव खायची, आणि मग गोठलेल्या तळ्यावर चालायला निघायची. एकदा तळ्याच्या मध्यावर सायमीचा एक मोजा वाऱ्यानं उडाला. इल्मोनं तिचा गारठलेला हात धरला आणि स्वतःच्या खिशात घातला.

“राहू दे. जागा आहे.”

बस्स. एवढंच बोलला. किनारा येईपर्यंत तिचा हात तिथंच होता, आणि त्याचाही. पुढं त्यानं तिला जवळ घेतलं, तिच्या पापण्यांवरचं बर्फ ओठांनी टिपलं, तेव्हाही दोघं काही बोलले नाहीत. सायमीच्या घरात महत्त्वाचं कुणी बोलायचंच नाही. तिची आई गेली तेव्हा आत्यानं तिला पोटाशी धरलं नव्हतं. कबरीवरचं बर्फ मात्र आजतागायत रोज झाडत होती. माणसाला हवं ते त्याचं त्याला कळतं, आपण त्याची बाही ओढायची नाही — हे बाळकडूच होतं.

मार्चमध्ये ऊन चढलं. तळ्यावर माणसं बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसली होती. इल्मोनं त्या दिवशी नुकताच मीटर परत केला होता आणि आता मीटर तिच्या पिशवीत होता.

“नॉर्वेहून बोलावणं आलंय,” तो म्हणाला. “बोडोच्या इस्पितळात. कायमची नोकरी.”

सायमीनं बुटाच्या टोकानं बर्फावरची भुकटी बाजूला सारली.

“तू काय म्हणतेस?”

“चांगलं आहे की… तिथला समुद्र गोठत नाही म्हणे.”

“मी समुद्राचं विचारत नाहीये.”

तोंडाशी आलं होतं. जाऊ नकोस. दोनच शब्द होते, पण ते म्हणजे बाही ओढणंच की! त्यानं राहायचं तर स्वतःच्या मनानं राहावं. आपण म्हटलं म्हणून राहिला, तर जन्मभर तो आकडा आपल्या नावावर.

“निर्णय तुझा आहे,” ती म्हणाली. “मी कोण मध्ये बोलणारी?”

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला, जणू कठीण गणित सुटलं होतं आणि उत्तर नको ते आलं होतं.

“मीटर तुझ्याकडेच आहे ना?”

“हो.”

“बरं… बघू मग.”

ते ‘बघू’ सायमीनं घरी नेलं आणि उशाशी ठेवलं. तो थांबणार असेल तर नंबर लावेल. नेहमीसारखा निरोप येईल, आणि कुणालाच काही बोलावं लागणार नाही. मुदत संपत आली. निरोप आला नाही. त्यानं नंबर लावेपर्यंत मीटर तिसऱ्याच्या हाती जायला नको, म्हणून तिनं मुदत वाढवली. पुन्हा संपत आली, पुन्हा वाढवली.

“फोन कर त्याला,” आत्या म्हणाली.

“तो नंबर लावेल.”

“माणसं काय काउंटरवर मिळतात का गं?”

“आत्या, तुला नाही कळायचं.”

“नाही कळत,” बशीत कॉफी ओतत आत्या म्हणाली. “तुझं बटण कुठं आहे ते कळलं असतं, तर मीच येऊन बंद केलं असतं.”

तळ्यावरचं बर्फ काळं पडलं, तडकलं, आणि एके सकाळी निरोप आला. ‘मुदत वाढवता येणार नाही. दुसऱ्या वाचकाने नंबर लावला आहे.’

सायमी जिन्यातच बसली. मग उठली, मग पुन्हा बसली. थांबला! तो थांबला! आता मात्र बोलायचंच, तिनं ठरवलं. तोंडानं जमणार नाही तर आपल्या भाषेत. दुपारभर बसून तिनं एक नकाशा काढला. शर्यतीच्या नकाशात सुरुवातीला त्रिकोण असतो, मधल्या ठाण्यांना वर्तुळं, आणि शेवटाला दुहेरी वर्तुळ. तिनं त्रिकोण लायब्ररीच्या काउंटरवर मांडला. एक वर्तुळ पावाच्या दुकानावर, एक तळ्याच्या मध्यावर, मोजा उडाला तिथं. आणि दुहेरी वर्तुळ आत्याच्या घरावर. वरच्या मजल्यावर.

तिनं बोर्डाचं बटण दाबलं. दिवा मिचकला. खालून दांडा वाजला नाही. आत्याला बहुतेक कळलं होतं.

कागद बाहेर आला. तिनं तो गालाला लावला. ऊन होता.

लायब्ररीत तिनं मीटर परत दिला. बाईंनी तो नंबरवाल्यांच्या कपाटात ठेवला आणि त्या तिच्याकडे पाहून हसल्या. सायमी समोरच्या बाकावर बसली. केस धुतले होते, आईचं चांदीचं फूल गळ्याशी लावलं होतं, मांडीवर नकाशा. दार उघडलं की मान वर व्हायची. शाळेची पोरं आली, एक बाई बाळगाडी घेऊन आली… मग स्कीची टोपी घातलेले एक अनोळखी आजोबा आले. कपाटापाशी गेले, वाकले, आणि त्यांनी मीटर उचलला.

“अहो,” सायमी उभी राहिली. “तो… दुसऱ्याचा आहे तो.”

आजोबांनी फोन दूर धरून वाचला, मग कपाटावरचा आकडा वाचला. “माझाच आहे की. मीच लावला होता नंबर. किती दिवस वाट बघितली, सुटेचना कुणाच्या हातून, म्हणून शेवटी लावला!” ते जवळ आले. “पोरी, तुला चालवता येतो का गं हा? आत तर काहीच लिहिलेलं नाही.”

सायमीनं त्यांना दाखवलं. हा भिंतीत, यंत्र ह्याच्यात, आकडा इथं.

“तू काय मोजलंस?”

“प्रिंटर.”

“फार खातो का?”

“काम करताना… फारसा नाही,” ती म्हणाली आणि नकाशा उचलून दाराकडे निघाली.

पायऱ्यांवर येऊन तिनं इल्मोला फोन लावला. नोव्हेंबरात भेटल्यापासून पहिल्यांदाच.

पलीकडून आधी समुद्रपक्ष्यांचा कल्ला आला, मग त्याचा आवाज. “सायमी?”

“कुठं आहेस तू?”

“बोडोत. मागच्या आठवड्यात आलो.”

“न सांगता?”

“कुणाला सांगायचं होतं?” तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात, तेच वाईट होतं. “मी रोज बघत होतो गं. लायब्ररीच्या वेबसाइटवर. मीटर परत आला की समजायचं, तू बोलावतेयस. परतीची तारीख आपली पुढं पुढंच सरकत होती. म्हटलं, हिला सोडायचा नाहीये. मी समोर यायला नकोय.”

“तुझ्यासाठी धरून ठेवला होता मी! तू नंबर का नाही लावलास?”

“बर्फावर विचारलं होतं तुला. पुन्हा तुझ्या हातातून ओढून घ्यायचं नव्हतं. वाटलं, एकदा तरी तू आपण होऊन…”

पक्षी ओरडत राहिले. सायमीनं डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी बाही ओढली.

“मला तू हवायस, इल्मो. जाऊ नकोस म्हणायचं होतं मला. तोंडाशी आलं होतं.”

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला, पक्षी मागं पडले.

“तेव्हा म्हणाली असतीस ना,” तो हळूच म्हणाला, “तर तिथंच बर्फावर घर बांधलं असतं मी.”

“आता म्हणतेय.”

“आता इथं शब्द दिलाय. आणि शब्दाचंही जाऊ दे… मी दमलोय, सायमी. विझल्यासारखं झालंय आत. खोटं बोलून तुला आशा लावू का?”

“नको.”

“आजोबांनी फ्रीझर बंद केला,” तो म्हणाला. “तळाशी काय निघालं सांगू? आजीनं भरून ठेवलेली जंगलातली बेरी. ती गेली त्या वर्षीची. आजोबांनी चमचाभर तोंडात घातली… आणि थुंकली. नुसता बर्फाचा भुगा झाला होता. गोठलेल्या वस्तूंना धीर असतो, म्हणालो होतो ना मी तुला? तसं काही नसतं गं.”

मेमध्ये शर्यती सुरू झाल्या. पहिल्या संध्याकाळचे नकाशे छापायच्या आधी सायमीला रंग तपासायला एक वाया जाईल असा कागद हवा होता. न भिजणारा कागद महाग. नवा कशाला नासा? खणात एक पाठकोरा होता. तिनं तो पालथा करून यंत्रात सरकवला. त्रिकोण, ठाणी, दुहेरी वर्तुळ खाली गेलं आणि वर कुठल्यातरी दलदलीचा हिरवा-निळा तुकडा उमटला. रंग बरोबर होते.

सगळे नकाशे छापून झाल्यावर तिनं लगेच बोर्डाचं बटण दाबलं. तांबडा ठिपका विझला.

“झालं का गं?” खालून आत्यानं विचारलं. हल्ली ती ठोकायची नाही, हाक मारायची.

“झालं. बंद केलं.”

पण ती उठली नाही. झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा तिनं यंत्राच्या पाठीवर तळवा ठेवला. बटण बंद होतं, दिवा स्थिर होता. आतला रूळ मात्र अजून गरम होता… बराच वेळ होता. मोजायला आता मीटर नव्हता. आणि असता तरी त्यानं शून्यच दाखवलं असतं.